चौदा नंबरचा कागद

१

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता क्लबच्या ऑफिसातला तिसरा ड्रॉवर उघडला, तेव्हा त्यात दोन कागद होते. असायला हवे होते तीन.

"पाच आहे, बावीस आहे," टायपिस्टबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात घालून ड्रॉवरची मागची फळी चाचपली. "चौदा कुठंय?"

अध्यक्षांनी स्वतः बघितलं. मग अख्खा ड्रॉवर बाहेर ओढून टेबलावर पालथा घातला. त्यातून दोन टाचण्या, एक शिट्टी आणि मागच्या मॅनेजरच्या पित्ताच्या गोळ्या पडल्या. चौदा नंबर काही पडला नाही.

त्या वेळी अक्का कपड्यांच्या खोलीत काळ्या मोज्यांना चिकटलेले पांढरे कण नखानं खरवडत बसली होती. कुण्या शहाण्यानं खिशात टिश्यू ठेवून कपडे धुवायला टाकले होते, आणि अक्का त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढत होती. तशी ती खिसे उलटे केल्याशिवाय मशीन लावायची नाही. काल मात्र घाई झाली. ओले टॉवेल मागच्या दोरीवर टाकून ती आत आली, तर तिचा भाऊ आणि भिंत नावानं ओळखला जाणारा जुना गोलकीपर, दोघंही घामट जॅकेटं घालून दारात उभे. तिनं दोघांच्या अंगातली जॅकेटं ओढून काढली नि मोज्यांबरोबर मशीनमध्ये कोंबली.

"अक्का, चल लवकर ऑफिसात." दारात तिचा भाऊ आला होता. तोंडावर रंग नव्हता. "चौदा नंबर गेला."

"गेला म्हणजे? बाजारात गेला?"

"कागद गं! मॅनेजर निवडायचा कागद. ड्रॉवरला कुलूप होतं तसंच आहे आणि कागद नाही. अध्यक्ष विचारतायत, किल्ली रात्रभर कुणाकडे होती."

अक्काचा हात मोज्यातच राहिला. किल्ली रात्रभर तिच्याकडे होती.

२

मॅनेजर नेमायची या क्लबची पद्धत जगावेगळी होती आणि तशी ती होण्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी एका अध्यक्षानं आपल्या जावयाला मॅनेजर केलं. जावई स्वभावानं गोड होता. सामना हरल्यावर तो सगळ्यांना मिठ्या मारायचा, आणि दोन वर्षांत त्यानं इतक्या मिठ्या मारल्या की क्लब दोन पायऱ्या खाली आला. तेव्हापासून ठरलं, की माणूस बघायचाच नाही. कागद बघायचा.

मॅनेजर व्हायचंय त्यानं आधी अक्काच्या खोलीत यायचं किंवा डबा मागवायचा. डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात जुन्या जर्सींच्या पाठीवरून कापून ठेवलेले आकडे, चौकोनी कापडाचे तुकडे. न बघता एक उचलायचा आणि कुणाला न दाखवता खिशात घालायचा. मग संघाचं काय बिघडलंय आणि आपण काय करू, ते दोन पानांत लिहायचं. वर नाव नाही, फक्त तो आकडा. हस्ताक्षर ओळखू येतं म्हणून टायपिस्टबाई प्रत्येक कागद टाइपरायटरवर नव्यानं उतरवायच्या आणि मूळ कागद समितीसमोर फाडायच्या. संगणक या कामाला बंद होता, कारण एका वर्षी समितीच्या आधी वर्तमानपत्राला यादी कळली होती. म्हणजे कागदाची प्रत एकच.

समितीनं नंबर निवडला, की दुसऱ्या दिवशी चार वाजता हॉलमध्ये तो कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. खेळाडू, माळी, कपडेवाली, सगळ्यांसमोर. ज्यांच्यावर हा माणूस हुकूम सोडणार त्यांनी आधी त्याचं म्हणणं ऐकावं, हा हेतू. वाचून झाल्यावर ज्याच्या खिशात तो आकडा असेल त्यानं पुढं येऊन कापड टेबलावर ठेवायचं. तो मॅनेजर. कागद हरवला, वाचता आला नाही, तर दुसऱ्या पसंतीचा नंबर.

आणि कागद ऑफिसात, तर ड्रॉवरची किल्ली अक्काच्या डब्यात. दोन्ही एका हातात नकोत.

या वेळी आकडे उचलणारे तिघं होते. एक अक्काचा धाकटा भाऊ, सध्याचा सहप्रशिक्षक. त्याला सगळे धाकटाच म्हणत. तो 'अक्का' म्हणायचा म्हणून सगळा क्लब तिला अक्का म्हणू लागला होता. दुसरा भिंत, म्हणजे जुना गोलकीपर, आता गोलकीपरांना शिकवायचा. तिसरा बाहेरून आलेला, मोठ्या क्लबात काम केलेला, ज्याचे बूट बघून माळी गवताची काळजी करायचा. त्याला पाहुणा म्हणत.

ऑफिसात अध्यक्षांनी अक्काला खिडकीपाशी नेलं.

"तुमच्यावर संशय नाही, अक्का. तुम्ही डागावरून माणूस ओळखता. चारच्या आत एवढं ओळखून द्या." मग आवाज खाली आणला. "हे मी सांगायला नको. पण निवडलाय तो चौदा, आणि दुसरी पसंती पाच नंबर आहे. तो लिहितो, जुनी माणसं एकूण एक बदलीन. कपडे बाहेर धुवायला देईन. टाइपरायटर भंगारात."

"म्हणजे मी भंगारात."

"तुम्ही, टायपिस्टबाई, धाकटा, भिंत. सगळेच."

अक्काला कपड्यांच्या खोलीत तेवीस वर्षं झाली होती. घड्याळात साडेनऊ झाले होते.

३

पाहुणा गाडीत बसून फोनवर बोलत होता. अक्कानं काचेवर टकटक केली.

"काल साडेचारलाच मी हॉटेलवर गेलो," तो म्हणाला. "किल्ली? कुठली किल्ली? मला तर वाटलं, असले कागद तुम्ही ईमेलनं मागवता. त्या डब्यात हात घालायला लावला, तेव्हा मला वाटलं लॉटरी आहे."

"कपड्यांच्या खोलीत आला होतात कधी?"

"कपड्यांना वेगळी खोली आहे?"

अक्कानं मनात त्याच्या नावावर काट मारली. खोटं बोलणाऱ्यालाही एवढं अज्ञान जमत नाही.

भिंत स्वतःच तिच्या खोलीत आला. तो दारातून आला की उजेड कमी व्हायचा. अक्का एका जर्सीवर सुटलेला '१' पुन्हा इस्त्रीनं चिकटवत होती.

"परत निघाला का हा?"

"गरम पाण्यात डिंक सुटतो मेला. मागच्या महिन्यात नव्हता का, अठराचा आठ होऊन बसला होता?"

"सांगितलं होतंत की. केवढा हसलो होतो मी. धाकटा तेव्हा कोर्सला गेला होता, नाहीतर दोघं मिळून हसलो असतो." तो स्टुलावर बसला. स्टूल कुरकुरलं. "विचारा काय विचारायचं ते. काल पावणेसहाला मी ग्लोव्ह्ज वाळत घालायला आलो. तुम्ही मागं दोरीवर होतात. डबा समोर होता. हात घातला असता तर घातला असता. घातला नाही."

"का नाही घातलास?"

"घालून काय करू? निकाल मला थोडाच ठाऊक होता! कुणाचा कागद उचलायचा, माझा?"

हे बोलणं अक्काच्या कानावरून गेलं. कानात शिरायला त्याला दुपार व्हावी लागली.

धाकटा मैदानाच्या कडेला बॉलमध्ये हवा भरत होता.

"मी तर तुझ्यासमोरच होतो ना. चहा पीत."

"प्यायलास कुठं? गार झाला सगळा. मशीनसमोर बसून गोल काचेत बघत होतास, सिनेमा लागल्यासारखा."

"भूक नव्हती."

"चहाला भूक लागते?"

"अक्का, उगाच डोकं खाऊ नकोस," तो म्हणाला आणि भरलेल्याच बॉलमध्ये आणखी हवा भरत राहिला.

आज निकाल म्हणून धास्तावलाय, अक्काला वाटलं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. तेव्हापासून त्याचे खिसे तीच रिकामे करत आली होती. आधी गोट्या, मग बसची तिकिटं, मग शिट्ट्या. काल दुपारीच ती त्याला म्हणाली होती, "तुझा नंबर लागला ना, तर मी पहिल्या रांगेत बसणार. काय लिहिलंयस ते ऐकू दे तरी एकदा." त्यावर तो जेवण टाकून उठला होता.

मग उरलं कोण? अक्का उभी राहिली. निकाल समितीच्या तिघांना ठाऊक होता आणि तिघांकडे किल्ली नव्हती. निकाल आणि किल्ली या दोन्ही गोष्टी ज्या एका हातात होत्या, तो हात तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. त्या हातानं वीस वर्षं तिच्या डब्यातली भाजी खाल्ली होती.

४

टायपिस्टबाईंनीच निकालाची नोंद टाइप केली होती. त्यांनीच ड्रॉवर बंद करून पाच वाजता किल्ली आणून दिली होती. आणि महिनाभर त्या काहीतरी लपवत होत्या. एका पानाला अख्खी दुपार लावायच्या. कुणी आलं की मशीनवर काहीतरी झाकायच्या. जेवायलाही हल्ली एकट्याच बसायच्या.

हे सगळं अक्का एकांतात बोलली असती, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण घड्याळात साडेबारा झाले होते, आणि अंगात एकदा हुशारी शिरली की माणसाला प्रेक्षक लागतात. ती भरल्या ऑफिसात बोलली. अध्यक्ष होते, समितीतल्या डॉक्टरीणबाई होत्या, प्रेक्षकांचा प्रतिनिधी भोंगा होता. भिंत होता, धाकटा होता.

"किल्ली आणि निकाल, दोन्ही माहीत असलेली एकच व्यक्ती आहे," अक्का म्हणाली. "मी नाव घेत नाही. बाई, तू बॅग दाखव म्हणजे विषय संपला."

टायपिस्टबाईंनी बॅग छातीशी धरली. हीच चूक झाली. नुसती मांडीवर राहू दिली असती तर कुणी मागितली नसती.

"बॅगेत माझं खासगी आहे."

"मग तर दाखवच."

खोलीत कुणी हललं नाही. बाईंनी बॅग टेबलावर पालथी केली. डबा पडला. रुमाल, छत्री, कंगवा. कापडात गुंडाळलेलं एक भलं मोठं भिंग. आणि एक घडी केलेला कागद.

भोंग्यानं तो झडप घालून उचलला. हाती पडेल ते मोठ्यानं वाचायची त्याला सवयच होती. "उजवा डोळा जवळजवळ निकामी. डाव्या डोळ्याची दृष्टी झपाट्यानं—"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातातून कागद काढून घेतला. पण वाचायचं ते वाचून झालं होतं.

"महिना झाला," टायपिस्टबाई म्हणाल्या. कुणाकडेही न बघता त्या एकेक वस्तू परत भरू लागल्या. कंगवा हाताला लागत नव्हता. तो भिंतनं उचलून दिला. "आंधळ्या टायपिस्टला कोण ठेवतं? म्हणून बोलले नव्हते."

मग त्यांनी मान वर केली.

"झालं का समाधान तुमचं, अक्का?"

वीस वर्षांचं 'तू' एका वाक्यात 'तुम्ही' झालं. त्यापेक्षा तोंडात मारली असती तरी चाललं असतं.

५

अक्का खोलीत येऊन मशीनला पाठ लावून जमिनीवर बसली. तोंड कुठं लपवावं कळेना, तेव्हा तिनं ते टॉवेलात खुपसलं. टॉवेल भिंतचा होता. त्याला वास होता, तरी ठेवला.

अध्यक्ष आले. स्टुलावर बसले.

"आपण सगळेच उभे होतो तिथं," ते म्हणाले. "एकट्यानं घेऊ नका." मग सुस्कारा सोडून म्हणाले, "काय कागद होता पण! चाळीस वर्षं मी फुटबॉल बघतोय. त्या कागदात माणसं होती. म्हणे, 'लेफ्ट बॅकचा उजवा मोजा डाव्याच्या दुप्पट मळून येतो. तो डावा पाय जपतोय. दुखणं लपवतोय. त्याला ओरडू नका, दोन सामने बसवा.'"

अक्कानं टॉवेल तोंडावरून काढला.

"आणखी काय होतं?"

"'कप्तानाची जर्सी नव्वद मिनिटांनंतर बगलेत कोरडी असते. तो धावत नाही, नुसते हात दाखवतो.' आणि ते तर मी विसरणार नाही, 'आठ नंबर कॉलर चावतो. ज्याला आपण आळशी म्हणतो, तो घाबरलेला आहे.'"

मोज्याचं वाक्य तिचं होतं. बगलेचंही तिचं. कपडे घड्या घालता घालता, जो कुणी चहाला बसेल त्याच्यापाशी ती हे बडबडायची. आणि चहाला बसणारे दोघंच होते.

अध्यक्ष गेल्यावर ती मोज्यांच्या टोपलीपाशी गेली. पांढरे कण अजून चिकटले होते. एक मोठासा कण तिनं नखावर घेतला आणि खिडकीशी धरला. टिश्यूवर कधी अर्धं टाइप केलेलं अक्षर असतं का?

म्हणजे चौदा नंबर तिनंच धुतला होता. जॅकेटाच्या खिशातून, साबण घालून, गरम पाण्यात.

आता भिंतचं सकाळचं बोलणं कानातून आत शिरलं. निकाल ठाऊक नसताना कुणाचा कागद उचलायचा, माझा? सगळे विचारत होते, जिंकलेला कागद कोण चोरेल. पण चोराला तो जिंकलाय हे माहीतच नव्हतं! ड्रॉवरमध्ये तीन कागद होते. जिंकायचं असतं तर त्यानं दुसऱ्यांचे दोन नेले असते. त्यानं एकच नेला. माणसाला स्वतःचा नंबर तेवढा ठाऊक असतो.

चोरानं स्वतःचाच कागद चोरला होता. का, ते अक्काला लगेच कळलं. कागद वाचला गेला असता, आणि अक्का पहिल्या रांगेत बसणार होती.

भिंत की धाकटा? दोघांची जॅकेटं मशीनमध्ये गेली होती. तिला वाटलं, भिंत असू दे. देवा, भिंत असू दे.

मग तिला आठ नंबर आठवला. आठ नंबर कॉलर चावत नाही. चावतो अठरा. जर्सीवरचा '१' सुटला होता आणि तिनंच फसून आधी आठचं नाव घेतलं होतं. चूक कळल्यावर दुसऱ्याच दिवशी ती हसत हसत भिंतला सांगितली होती. धाकटा तोवर कोर्सला गेला होता. त्याच्यापाशी तिची चूक तशीच राहिली होती, आणि ती त्यानं दोन पानांत नीट लिहून काढली होती.

६

तो गोलची जाळी बांधत होता. अक्का गोलच्या आत जाऊन उभी राहिली. मध्ये जाळी होती.

"तुझ्याकडे चौदा नंबर आहे," ती म्हणाली.

त्याच्या हातातली दोरी सुटली. नाही म्हणाला नाही, एवढं बरं.

"लिहायला बसलो, तर माझं एकही वाक्य येईना गं. जे आठवायचं ते तुझं. म्हटलं, नंबर कुठं लागतोय, कुणाला कळणार आहे? मग काल तू म्हणालीस, पहिल्या रांगेत बसणार."

"मग?"

"कागद चांगला होता, अक्का. म्हणून तर घाबरलो."

"मला सांगायचंस. मी काय शब्दांवर शिक्का मारून ठेवलाय?"

"किल्ली घेतली, कागद आणला, किल्ली ठेवली. फाडणार होतो. तेवढ्यात तू मागून आलीस आणि जॅकेट ओढलंस."

"थांब म्हणायला काय झालं होतं?"

"काय म्हणू? थांब, खिशात चोरी आहे?" त्यानं बोटानं जाळीचं एक भोक मोठं केलं. "काचेतून दिसत होता. आधी कागद होता, मग नव्हता."

अक्काला हसू आलं असतं, दुसरा कुठला दिवस असता तर.

"कागदाचं सोड," ती म्हणाली. "बाईची बॅग पालथी झाली, तेव्हा तू दोन हात अंतरावर उभा होतास."

त्यानं मान खाली घातली. सात वर्षांचा असताना घालायचा तशीच.

"पाय हलले नाहीत गं माझे."

"आणि माझं तोंड थांबलं नाही. चल, दोघांच्या लायकीचं काम शिल्लक आहे."

टायपिस्टबाई ऑफिसात एकट्या होत्या. आता झाकायचं काही उरलं नव्हतं, म्हणून भिंग मशीनवर उघडंच पडलं होतं. अक्का दारातच थांबली. आत जायचा हक्क आहे की नाही, नक्की नव्हतं. धाकट्यानं सगळं सांगितलं, न अडखळता, एका दमात. बाईंनी ऐकून घेतलं.

"मला काय सांगता? अध्यक्षांना सांगा."

"आम्ही सांगतो. पण तीन वाजलेत, आणि कागद नाही," अक्का म्हणाली. "तू... तुम्ही एकेक अक्षर भिंगातून बघून तो टाइप केलात. जगात तेवढं हळू तो कुणी वाचला नसेल. आठवत असेल तर—"

"आठवतो." बाईंनी भिंग पुसलं. "स्वल्पविरामासकट आठवतो. क्लबचं काम आहे, करते. तुमच्यासाठी नाही."

७

चार वाजता हॉल भरला. खेळाडू मागं, पाहुणा पुढं, अक्का पहिल्या रांगेत. तिला मागं बसायचं होतं, पण खुर्ची उरली नव्हती.

टायपिस्टबाई उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि पाठ म्हणावं तसं सुरू केलं. लेफ्ट बॅकचा मोजा आला. लेफ्ट बॅकनं पाय खुर्चीखाली घेतला. कप्तानाची बगल आली, तेव्हा मागं कुणीतरी खिदळलं. आणि एकेक मान अक्काकडे वळू लागली. हे त्यांनी आधी ऐकलेलं होतं. जर्सी घ्यायला जाताना, दारातून, कुठं ना कुठं. कुणी कौतुकानं बघत होतं, पण अक्काला ते कौतुक अंगावर उकळत्या पाण्यासारखं आलं. ही सगळी बिचाऱ्यांची दुखणी होती. तिनं चहाबरोबर वाटलेली.

आता कॉलरचं वाक्य येणार, तिला माहीत होतं. तिसऱ्या रांगेत अठरा नंबर बसला होता. त्याचा हात आत्ताही कॉलरकडे गेलेला होता. आकडा चुकीचा असला म्हणून काय, ज्याचं त्याला कळणारच होतं.

टायपिस्टबाई थांबल्या.

"इथलं एक वाक्य," त्या म्हणाल्या, "मला आठवत नाही. पुढचं सांगते."

स्वल्पविरामासकट आठवणाऱ्या बाई. अक्कानं खाली बघितलं ते शेवटपर्यंत वर बघितलं नाही.

वाचन संपलं. धाकटा पुढं गेला आणि त्यानं चौदाचं कापड टेबलावर ठेवलं.

"हात माझा आहे, म्हणणं माझं नाही. ते अक्काचं आहे. कागद मीच चोरला. दुपारी बाईंची झडती घेतली, तेव्हा मी तिथं होतो आणि गप्प बसलो. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट आहे, हे मला माहीत आहे."

अध्यक्षांनी कापड उचललं, उलटंसुलटं केलं.

"मग चौदा नंबर कुणाचा म्हणायचा? अक्का?"

"मला ऑफसाइड अजून नीट कळत नाही, साहेब," अक्का म्हणाली. हॉल हसला. ती हसली नाही.

समितीचे तिघं बाहेर गेले आणि दहा मिनिटांनी आत आले. "कागद वाचला गेला, त्यामुळे पाच नंबरचा प्रश्न येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण कागद ज्याचा त्यानं लिहिला नाही, म्हणून चौदाही बाद. धाकट्याला या वेळी पुन्हा लिहिता येणार नाही. रविवारचा सामना भिंत सांभाळेल. आणि कागद पुन्हा मागवू. अक्का, ज्याचं त्यानं लिहायचं असतं, तुम्हीही लिहा. म्हणजे डबा तुमच्याकडे ठेवता येणार नाही. तो आता टायपिस्टबाईंकडे. किल्ली आणि कागद दोन्ही. त्यांच्याइतकं तोंड बंद ठेवणारं या क्लबात दुसरं कुणी नाही."

पाहुण्यानं पाचचं कापड खुर्चीवर ठेवलं आणि तो निघाला. माणसं उठू लागली.

"थांबा जरा," अक्का म्हणाली.

ती आपली पिशवी घेऊन टेबलापाशी गेली. दुपारी ऑफिसात होते ते सगळे अजून होते. भोंगा होता, डॉक्टरीणबाई होत्या. मुद्दाम बोलावलं असतं तरी एवढे जमले नसते. तिनं पिशवी बाईंसमोर पालथी केली.

सेफ्टी पिनांची माळ पडली. सुटी बटणं, दोरा, सुई टोचलेला साबणाचा तुकडा. अर्धी खाल्लेली पोळी. गुडघ्याचं मलम. केस काळे करायचं पाकीट, जे कुणाला माहीत नव्हतं. धाकट्याचा सात वर्षांचा असतानाचा फोटो, कडा ओल्या होऊन फुगलेला. आणि एक दात, कवळीतला, पुढचा, जो ती महिनाभर 'घरी राहिला' म्हणून सांगत होती.

भोंग्यानं तोंड उघडलं. भिंतनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तसं त्यानं मिटलं.

अक्का उभी राहिली. कान तापले होते. आता बाई काहीतरी बोलतील, निदान 'राहू दे' म्हणतील, असं तिला वाटलं.

टायपिस्टबाईंनी बॅगेतून भिंग काढलं, कापड सोडलं, काच पुसली. मग एक बटण उचलून डाव्या डोळ्यापाशी नेलं. बघितलं. ठेवलं. दुसरं उचललं. हॉलमध्ये पन्नास माणसं उभी होती.

"अगं, पुरे की," अक्का हळूच म्हणाली.

बाईंनी दात उचलला, भिंगाखाली धरला आणि खालून वर, वरून खाली नीट पाहिला.

"बघू दे गं," त्या म्हणाल्या. "मला वेळ लागतो, माहीत नाही का तुला?"